ग्रीन कार्ड एक्स्पायर झालंय आणि सिटिझनशिपचा अर्ज भरायचाय? आधी हे तपासा, पैसे मग भरा

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाली की प्रसादाच्या लायनीत कोणीतरी हमखास मला दंडाला धरून बाजूला घेतं आणि अगदी हळू आवाजात म्हणतं, "ताई, एक विचारायचं होतं... आमचं कार्ड एक्स्पायर झालंय." आवाज असा की जणू घरात काहीतरी लपवण्यासारखं घडलंय. मी एडिसनला राहते, न्यू जर्सीत, नोकरी अकाउंटिंगची, वकील अजिबात नाही हे आधीच सांगून टाकते. पण गेल्या काही वर्षांत एन-४०० म्हणजे सिटिझनशिपचा फॉर्म इतक्या जणांच्या डायनिंग टेबलावर बसून भरून दिलाय आणि त्यात हा एकच घोळ इतक्या वेळा पाहिलाय की आता दर वेळी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्याकडे असेल तर पुढचं वाचा.

फॉर्म भरायला बसलात, ए-नंबर म्हणजे कार्डवरचा आपला नोंदणी क्रमांक बघायला कार्ड काढलं आणि तेव्हा कळलं की तारीख चार महिन्यांपूर्वीच गेलीय. किंवा ऑफिसच्या एचआरचं मेल आलंय की तुमचं कार्ड संपतंय, नवीन आणून द्या. लायसन्स रिन्यू करायला गेलात आणि काउंटरवरून परत पाठवलं. डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे, तिकिटं काढून झालीत आणि आता झोप उडालीय की परत येताना काय होईल. किंवा सगळ्यात वैतागवाणं, इंडियन पासपोर्टपण संपलाय, तो रिन्यू करायला इथल्या स्टेटसचा चालू पुरावा मागतात, आणि त्या पुराव्याचा स्टॅम्प मारून घ्यायला पासपोर्ट लागतो म्हणतात, म्हणजे कोंबडी आधी की अंडं.

आणि एक लक्षण असं की कोणीतरी ओळखीच्याने ठासून सांगितलंय, "आधी कार्ड रिन्यू कर, मग सिटिझनशिप, नाहीतर अर्ज फेकून देतात." तो माणूस खोटं बोलत नाहीये, फक्त त्याचा नियम जुना आहे. मी स्वतः २०२१ मध्ये अर्ज केला तेव्हा तोच नियम होता, कार्ड संपलेलं किंवा सहा महिन्यांत संपणार असेल तर आय-९० भरून कार्ड पण रिन्यू करायचं. मी तेव्हाचे ५४० डॉलर मुकाट भरले. नवं कोरं कार्ड पोस्टाने आलं, मी ते पाकिटातून काढून नीट बघितलंसुद्धा नाही आणि तिसऱ्या आठवड्यात ओथच्या म्हणजे सिटिझनशिपच्या शपथेच्या दिवशी ते परत देऊन टाकलं. त्यावरून माझा नवरा अजून चिडवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कार्ड संपलं म्हणजे तुमचं परमनंट रेसिडेंट असणं संपलं असं नाही. लग्नाचं सर्टिफिकेट हरवलं म्हणून कोणी नवरा-बायको राहत नाही का? तसंच. दहा वर्षांनी संपतो तो प्लास्टिकचा तुकडा, स्टेटस नाही. मात्र इथल्या कायद्याने १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने चालू पुरावा जवळ बाळगायचा असतो, त्यामुळे "चलता है" म्हणून दोन-तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडू द्यायचं असंही नाही. घाबरायचं नाही पण बसूनही राहायचं नाही, मधलं काय ते खाली सांगते, फुकटातल्या तपासणीपासून सुरुवात करून.

पहिलं, कार्ड हातात घ्या आणि चष्मा लावून वाचा. पैसे शून्य. हसू नका, मागच्या वर्षी एका काकूंकडे गेले तर त्यांचं कार्ड देवघराच्या ड्रॉवरमध्ये कुंकवाच्या डबीखाली होतं, एका कोपऱ्याला लाल डाग, आणि दहा वर्षांत त्यावर "कार्ड एक्स्पायर्स" सोडून बाकी काय लिहिलंय ते घरात कोणी वाचलेलं नव्हतं. त्याच कार्डवर "रेसिडेंट सिन्स" अशी दुसरी तारीख असते आणि सिटिझनशिपसाठी खरी कामाची ती. त्या तारखेपासून ५ वर्षं मोजायची, सिटिझन जोडीदाराबरोबर लग्न करून ३ वर्षं एकत्र राहत असाल तर ३ वर्षं, आणि त्याच्या ९० दिवस आधी अर्ज टाकता येतो. ९० च्या जागी ९१ दिवस आधी टाकला तर अर्ज नामंजूर आणि फी गेली, म्हणून यूएससीआयएसच्या म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या साइटवर तारखेचा कॅल्क्युलेटर आहे तोच वापरा, बोटांवर मोजू नका. पण आपल्याकडच्या बहुतेकांचं कार्ड १० वर्षांनी संपतं म्हणजे ते केव्हाच पात्र झालेले असतात. मग इतकी वर्षं का नाही केलं विचारलं की उत्तर एकच, आपला निळा इंडियन पासपोर्ट सोडवत नाही. मलाही सोडवत नव्हता, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही.

कार्डवर अजून दोन गोष्टी बघा. कार्ड १० वर्षांचं आहे की २ वर्षांचं? लग्नावरून नव्याने मिळालेलं २ वर्षांचं कार्ड असेल तर तुमचा रस्ताच वेगळा आहे, तुम्हाला आय-७५१ म्हणजे २ वर्षांच्या कार्डवरची अट काढायचा फॉर्म लागतो आणि त्याच्या रसीदने कार्ड ४८ महिने वाढतं, खालची पुढची युक्ती तुमच्यासाठी नाही. दुसरं, कॅटेगरीचा कोड. तुम्ही भावंडांवरून आलात, नोकरीवरून आलात की नवऱ्यावरून, ते त्याच्याशी जुळतंय ना ते बघा. जुळत नसेल तर थेट शेवटच्या भागावर जा.

दुसरं, एन-४०० ऑनलाइन भरा आणि रसीद वाचा. १२ डिसेंबर २०२२ पासून नियम बदललाय. आता नीट भरलेला एन-४०० पोचला की जी रसीद येते, आय-७९७ नावाची, तिच्यावरच लिहिलेलं असतं की तुमच्या कार्डची मुदत २४ महिन्यांनी वाढवली. वेगळा फॉर्म नाही, वेगळी फी नाही. म्हणजे नुसतं संपलेलं कार्ड आहे, हरवलेलं नाही, आणि तुम्ही सिटिझनशिपला पात्र आहात, तर आय-९० चे ४१५ डॉलर तुम्हाला भरायचे नाहीतच. ही पोस्ट लिहायचं अर्धं कारण हे ४१५ डॉलर आहे.

पण इथे लोक दोन ठिकाणी अडकतात. एक, ते २४ महिने रसीदच्या तारखेपासून नाहीत, कार्डवरच्या एक्स्पायरी तारखेपासून मोजायचे. एका जोडप्याचं हेच झालं, काकांचं कार्ड संपून २२ महिने झाले होते, त्यांना वाटलं आता दोन वर्षं निवांत, प्रत्यक्षात हातात उरले दोन महिने. कार्ड संपून दोन वर्षं उलटून गेली असतील तर अर्ज तरीही भरता येतो पण रसीद दाखवून काही उपयोग नाही, तुम्हाला चौथ्या तपासणीतला स्टॅम्प लागेल. दोन, नुसती रसीद चालत नाही आणि नुसतं कार्डही चालत नाही, दोन्ही एकत्र दाखवायचं. मी लोकांना सांगते की एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कार्ड आणि रसीद जोडीने ठेवा, सत्यनारायणाच्या पूजेला बसतात तसं, एकटं कोणी उठायचं नाही.

रसीद आली की स्पेलिंग, ए-नंबर, जन्मतारीख तिथल्या तिथे तपासा. ऑनलाइन भरलंत तर अकाउंटमध्ये लवकर दिसते. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. कागदावरच भरायचा हट्ट असेल तर आधी साइटवरचा पेमेंटचा भाग वाचा, २८ ऑक्टोबर २०२५ नंतर साधे चेक आणि मनी ऑर्डर घेणं बंद झालंय, क्रेडिट कार्डचा किंवा बँक अकाउंटचा फॉर्म जोडावा लागतो. जुन्या सवयीने चेक पाठवला की सगळं पाकीट परत, आणि अर्ज परत आला की २४ महिन्यांची वाढही नाही, कारण अर्ज मुळात पोचलाच नाही.

एचआरवाल्यांचं इथेच सांगून टाकते. नोकरी लागताना आय-९ म्हणजे कामाचा हक्क तपासायच्या फॉर्मसाठी तुम्ही ग्रीन कार्ड दाखवलं असेल तर ते नंतर एक्स्पायर झालं म्हणून एम्प्लॉयरने परत तपासायचं नसतंच. हा सरकारचाच नियम आहे, आय-९ च्या सूचनांमध्ये लिहिलेला. बिचाऱ्या एचआरच्या सॉफ्टवेअरला तारीख दिसते, ते आपोआप मेल पाठवतं, आणि आपली माणसं रात्रभर जागतात. तुम्ही त्या मेलला सभ्यपणे उत्तर द्या की परमनंट रेसिडेंटचं पुन्हा व्हेरिफिकेशन लागत नाही, सूचना बघा. दहातल्या नऊ वेळा तिथेच संपतं.

तिसरं, लायसन्स आणि पत्ता. याकडे कोणाचंच लक्ष नसतं कारण सगळे ग्रीन कार्डच्या टेन्शनमध्ये असतात. बायोमेट्रिक्सला म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला बोलावतात तेव्हा चालू फोटो आयडी लागतो, इंटरव्ह्यूला स्टेटचं आयडी बघतात, आणि त्यावर जुना पत्ता असेल तर प्रश्न येतो की तुम्ही खरंच या स्टेटमध्ये राहता का, कारण अर्जाआधी ३ महिने त्या भागात राहिलेलं असणं ही अट आहे. घर बदललं की १० दिवसांत एआर-११ हा पत्ता बदलल्याचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम, आणि मी ज्यांच्या घरी गेले त्यातल्या निम्म्यांनी कधी भरलेला नव्हता. आज भरा. लायसन्सच संपलं असेल तर उलटा क्रम लावा, आधी एन-४००, मग रसीद आणि कार्ड दोन्ही घेऊन मोटर व्हेईकलच्या ऑफिसात. न्यू जर्सीत ओळखीच्या कागदांचे सहा पॉइंट जमवायचे असतात, तिथे जायच्या आधी यादी प्रिंट करून न्या. काउंटरवरच्या बाईला रसीदवरची २४ महिन्यांची ओळ हायलाइटर मारून दाखवली की काम लवकर होतं, हा माझा अनुभव, नियम नाही.

चौथं, इंडियन पासपोर्ट. इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. एन-४०० भरायला तुमचा इंडियन पासपोर्ट चालू असायलाच पाहिजे असं नाही. संपलेला असला तरी अर्ज चालतो. पण इंटरव्ह्यूला सगळे पासपोर्ट न्यायचे, नवे जुने सगळे, कोपरा कापलेले सुद्धा, कारण ऑफिसरला तुमचे प्रवास बघायचे असतात. गेल्या ५ वर्षांत २४ तासांपेक्षा जास्त बाहेर गेलेली प्रत्येक ट्रिप फॉर्मवर लिहायची असते, आणि एकूण किमान ३० महिने तुम्ही प्रत्यक्ष इथे असायला हवेत. आणि आपली माणसं करतात काय, पासपोर्ट रिन्यू झाला की जुना भारतात नेऊन कपाटात ठेवतात, "तिकडे सुरक्षित राहील" म्हणून. एका गृहस्थांचा जुना पासपोर्ट साताऱ्याला भावाच्या घरी एलआयसीच्या पॉलिस्यांच्या पिशवीत सापडला, तोही तीन आठवडे शोधल्यावर. त्यामुळे इंटरव्ह्यूची तारीख यायची वाट बघू नका, आजच भावाला व्हॉट्सॲप करा.

शिक्क्यांवर विसंबूही नका. अमेरिकेत शिरताना आता बऱ्याच वेळा शिक्का मारतच नाहीत, आणि सरकारी साइटवर जी ट्रॅव्हल हिस्टरी दिसते ती ग्रीन कार्डवाल्यांची अर्धवट असते. माझी पद्धत अशी की ई-मेलमध्ये विमान तिकिटं शोधायची, फोनमधले फोटो तारखेने बघायचे, भारताच्या बाजूचे शिक्के लावून घ्यायचे, आणि एक साधी एक्सेल करायची, गेलो, आलो, किती दिवस. हे काम कंटाळवाणं आहे, दोन रविवार जातात, पण इंटरव्ह्यूत तारीख चुकली तर नंतर ते निस्तरायला कितीतरी रविवार जातात.

आता ते कोंबडी-अंडं. पासपोर्ट रिन्यू करायला इथल्या स्टेटसचा पुरावा लागतो, आणि कार्ड संपलंय. एन-४०० ची रसीद हातात असेल आणि २४ महिन्यांच्या आत असाल तर कार्ड अधिक रसीद लावा. नसेल तर एडीआयटी स्टॅम्प मागायचा, म्हणजे स्टेटसचा तात्पुरता पुरावा, आय-५५१ स्टॅम्प पण म्हणतात त्यालाच. यूएससीआयएसच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करायचा, स्टॅम्पला फी नाही. पूर्वी ऑफिसात जाऊन पासपोर्टवर मारून घ्यावा लागायचा, म्हणून पासपोर्ट संपलेल्यांचं अडायचं. मार्च २०२३ पासून ते आय-९४ म्हणजे देशात आल्याच्या नोंदीच्या फॉर्मवर तुमचा फोटो छापून, त्यावर स्टॅम्प आणि सील मारून पोस्टाने पण पाठवू शकतात. म्हणजे पासपोर्टशिवाय पुरावा मिळतो आणि त्यावर पासपोर्ट. फोनवर बोलणाऱ्याने "अपॉइंटमेंट घ्या" म्हटलं तर नम्रपणे विचारा की माझ्या केसमध्ये मेलने पाठवता येईल का. फोन लागायला वेळ जातो, आधी यंत्राशी बोलावं लागतं, मराठी माणसाचा संयम तिथे संपतो. पण हेच ४१५ डॉलर वाचवणारं दार आहे.

पाचवं, नाव. हे खास आपलं दुखणं. आपलं नाव तीन तुकड्यांचं, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर पहिले दोन्ही तुकडे गिव्हन नेममध्ये जातात, ग्रीन कार्डवर तेच येतं, आणि लायसन्सवर कोणीतरी नवऱ्याचं नाव गाळून टाकलेलं असतं. त्यात ज्यांची लग्नात नावं बदलली त्या तर विचारूच नका. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शाळेच्या दाखल्यावर एक नाव राहिलं, पहिल्या पासपोर्टवर तेच, दुसऱ्या पासपोर्टवर तांदळातलं. मग इथे जुना आणि नवा पासपोर्ट शेजारी ठेवले की ऑफिसरला दोन वेगळ्या बायका दिसतात.

यावर उपाय स्वस्तच आहे. एन-४०० मध्ये "आधी वापरलेली नावं" असा प्रश्न असतो, तिथे सगळी लिहा, माहेरचं, सासरचं, तांदळातलं, स्पेलिंगचा फरक सुद्धा. लपवलं तर प्रॉब्लेम, लिहिलं तर नाही. सोबत मॅरेज सर्टिफिकेट ठेवा, आणि भारतात राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर त्याची प्रत. पुढे कायमचं कोणतं नाव हवंय ते याच अर्जात मागता येतं, मग ओथ कोर्टात जजसमोर होतो आणि नाव तिथेच बदलतं, वेगळा खर्च नाही. आणि ग्रीन कार्डवरचं स्पेलिंग त्यांच्याच चुकीने चुकलं असेल तर तो आय-९० फुकट असतो, पैसे भरू नका.

सहावं, आता जिथे पैसे सोडावे लागतात ते. कार्ड हरवलंय, चोरीला गेलंय, वॉशिंग मशीनमधून निघालंय, तर एन-४०० ची रसीद एकटी पुरत नाही, आय-९० भरायचाच, ऑनलाइन ४१५, कागदावर ४६५. सिटिझनशिप घ्यायचीच नाहीये, त्यांनाही आय-९०. त्याची रसीद सप्टेंबर २०२४ पासून ३६ महिने चालते. आणि कोणी घाबरून आधीच आय-९० भरून टाकला असेल तर त्याने एन-४०० अडत नाही, दोन्ही आपापल्या वाटेने चालतात, फक्त पैसे परत मिळत नाहीत. माझेही नाही मिळाले.

प्रवासाचं. कार्ड संपलंय, रसीद आहे, भारतात जायचंय, तर जाता येतं, दोन्ही बरोबर ठेवा, मूळ कागद, फोनमधला फोटो नाही. मागच्या डिसेंबरात आमच्या ओळखीतल्या एका आजींना मुंबईत रात्री दीड वाजता एअरलाइनच्या काउंटरवर अडवलं, तो पोरगा कार्डवरची तारीख बोटाने दाखवत राहिला आणि आजी रसीद दाखवत राहिल्या, मागे लाइन खोळंबली, शेवटी सुपरवायझर आला तेव्हा सुटल्या. गंमत म्हणजे १० वर्षांचं कार्ड नुसतं संपलेलं असेल तर विमानात बसायला वेगळं कागदपत्र बहुधा लागत नाही असं यूएससीआयएसच्याच आय-१३१ए म्हणजे विमानात बसायचा कागद मागायच्या फॉर्मच्या पानावर लिहिलंय. ते पान प्रिंट करून पर्समध्ये ठेवा. ५७५ डॉलर भरून तो फॉर्म करायची वेळ कार्ड हरवल्यावर येते, संपल्यावर सहसा नाही. तरीपण माझं मत विचाराल तर रसीद हातात आल्याशिवाय तिकिटं काढू नका, रात्री दीड वाजता कायदा शिकवायला आपल्या अंगात त्राण नसतं.

आई-बाबांचं कार्ड असेल तर दोन ओळी जास्त. सहा महिने पुण्यात, सहा महिने इथे, असं चालतं त्यांचं, आणि कार्ड नेमकं पुण्यात असताना संपतं. त्यांचं दुखणं तारखेचं नाहीच, बाहेर राहिलेल्या दिवसांचं आहे. ६ महिन्यांहून लांब एक जरी ट्रिप असेल तर सलग राहण्याची अट मोडली असं धरून चालतात आणि ती मोडली नाही हे तुम्ही दाखवायचं असतं. वर्षाच्या वर गेली तर विषयच वेगळा. आणि एअरपोर्टवर कोणी आय-४०७ पुढे केला, म्हणजे कार्ड स्वखुशीने सोडतोय असा फॉर्म, तर सही करू नका, ती सक्तीची नसते, जजसमोर जायचा हक्क असतो. हे आई-बाबांना विमानात बसवायच्या आधी दोनदा सांगा, कारण आपली पिढी काय आणि ती पिढी काय, युनिफॉर्म दिसला की सही करते. तसंच वय ५० च्या वर आणि रेसिडेंट होऊन २० वर्षं, किंवा ५५ आणि १५, असं असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ, नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाषी घेऊन मराठीत देता येतात. जुनं कार्ड धूळ खात पडलेल्या किती आज्या केवळ इंग्रजीला घाबरून थांबल्यात त्याची मोजदाद नाही.

आता थांबा कुठे. पुढचं काही लागू होत असेल तर मला, मंडळातल्या कोणाला, यूट्यूबला विचारू नका, इमिग्रेशन वकील गाठा, आणि अर्ज टाकायच्या आधी गाठा, नंतर नाही.

कधीही अटक झाली असेल, केस डिसमिस झालेली असली तरी, दारू पिऊन गाडी चालवल्याची असली तरी. २ वर्षांचं कार्ड होतं आणि आय-७५१ भरायचा राहूनच गेला. मोटर व्हेईकलमध्ये घाईत व्होटर रजिस्ट्रेशनच्या चौकटीत टिक झाली किंवा कधी मत देऊन झालं, हे लोकांना क्षुल्लक वाटतं आणि ते अजिबात क्षुल्लक नाही. ३ वर्षांच्या नियमाने अर्ज करताय पण मध्येच वेगळे राहायला लागलात. ६ महिन्यांच्या वरची ट्रिप. टॅक्स नॉन-रेसिडेंट म्हणून भरला, तिथे तर मी अकाउंटंट म्हणून पण हात लावत नाही. कार्डवरची कॅटेगरी चुकीची. कोर्टात हजर राहायची नोटीस आलीय. अशा वेळी एन-४०० टाकणं म्हणजे आपणच जाऊन फाइल उघडून द्यायची, आणि कार्ड संपलं हा त्यातला सगळ्यात छोटा प्रश्न असतो. एका भावाने मला सगळं सांगितलं आणि शेवटी कॉफी पिताना सहज म्हणाला की २०१६ मध्ये एकदा पोलिसांनी रात्रभर ठेवलं होतं, पण ते काही नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला. अर्ज तसाच अर्धवट ठेवला, आठवड्याने तो वकिलाकडे गेला, कोर्टातून कागद काढले आणि मग रीतसर भरला.

वकील परवडत नसेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी असतात, सेवाभावी संस्थांमध्ये, कमी पैशात किंवा फुकट, त्यांची यादी सरकारी साइटवर आहे. फक्त नोटरीकडे जाऊ नका. भारतात नोटरी म्हणजे बहुतेक वेळा वकीलच असतो म्हणून आपली फसगत होते, इथे नोटरी पब्लिक म्हणजे सही तुमचीच आहे हे बघणारा माणूस, औषधाच्या दुकानातपण बसतो, त्याला इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकारच नाही. "मी फॉर्म भरून देतो, तीनशे डॉलर" म्हणणारा भेटला तर त्याचा वकिलीचा बार नंबर विचारा, मग बघा चेहरा.

वकिलाकडे पहिल्या भेटीला जाताना संपलेलं कार्ड, सगळे पासपोर्ट, ती ट्रिपची एक्सेल आणि ५ वर्षांचे टॅक्सचे कागद न्या, कार्डची मागची बाजूपण कॉपी काढून. तो घड्याळ लावून बसतो, कागद शोधण्यात तुमची पहिली पंधरा मिनिटं जाऊ देऊ नका.